रेशीमपेठेतला नवस

२००५ सालच्या फेब्रुवारीतला तो रविवार. मल्हारने बाहेरून कुलपात किल्ली फिरवली, दार ओढून पाहिलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गिताबाईंनी नातीच्या टोपड्याची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. एरवी किल्लीचा तो आवाज त्या दाराच्या आतल्या बाजूने ऐकत. सकाळी मल्हार कामावर निघाला की एकदा, संध्याकाळी परतला की एकदा. मधल्या वेळात घरातली माणसं घरात.

“चला मामा,” मल्हार सासऱ्यांना म्हणाला. “आज तुम्हाला तुमच्या धंद्याची जागा दाखवतो.”

“माझ्या? हितं कुठली मेंढरं?”

“मेंढरं नाहीत, पण व्यापारी होते. पाचशे वर्षांपूर्वीचे. रेशमाचे.”

“मग बरं हाय. घासाघीस कराया कोन उठून येत न्हाई,” आण्णा म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरू लागले. लिफ्टच्या पेटीत ते पहिल्या दिवशी एकदा बसले होते, पुन्हा बसले नाहीत.

निमोण्याच्या आण्णांचे वडील मेंढरांमागे फिरले. आण्णांनी गावात घर बांधलं, थोडी जमीन केली आणि शिरूरच्या बाजारात मेंढरांची दलाली धरली. त्यांची सुषमा बी.एस्सी. झाली, दौंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागली. मग पाटसचं स्थळ आलं. मल्हारच्या घरची मेंढरं आजोबांच्या वेळेलाच सरली होती. वडील साखर कारखान्यात होते. मल्हार स्वतः केमिस्ट. कुरकुंभला काही वर्षं पाळ्या करून त्याने फरश्यांचे रंग बनवणाऱ्या स्पेनमधल्या एका कंपनीत नोकरी मिळवली होती. व्हॅलेन्सिया हे नाव आण्णांना अजून नीट येत नव्हतं. पण लग्नानंतर वर्षभर बाजारात जो भेटेल त्याला ते सांगत, जावई इमानानं गेला, लेक इमानानं गेली.

आता लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने आण्णा आणि गिताबाई इथे आले होते. मुलगी झाली, अंकिता नाव ठेवलं. परतीची तारीख जवळ आली होती.

रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना उंच घरं. मल्हार पुढे, त्याच्या अर्धं पाऊल मागे सुषमा. एका चौकात तो सिग्नलला थांबला तेव्हा आण्णांनी लेकीला सहज विचारलं की आता डावीकडं का उजवीकडं. सुषमाने मल्हारकडे पाहिलं.

“ह्यांना माहितीय,” ती म्हणाली.

“आन् तुला? दोन वरसं झाली की. शिरूरच्या बाजारात डोळं झाकून हिंडायचीस.”

सुषमा हसली. गिताबाईंनी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

त्यांना कारण ठाऊक होतं. आल्यावर आठवड्याभरातच त्यांना कळलं होतं की किल्ली एकच आहे आणि ती मल्हारच्या खिशात असते. चोऱ्या होतात, भाग चांगला नाही, असं तो सांगायचा, आणि आण्णांना ते पटलं होतं. फोनचा रिसीव्हर तो बॅगेत घालून कामावर न्यायचा. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. समोरच्या इमारतीतली माणसं बघतात म्हणून खिडक्यांचे सरकते पडदे दिवसाही खाली. एका दुपारी आण्णा झोपले असताना, बाळाला तेल लावता लावता सुषमाने सांगितलं होतं की सातव्या महिन्यात ती न्हाणीघरात घसरून पडली आणि मल्हार येईपर्यंत तशीच पडून राहिली. हाका मारल्या, कुणीतरी दार वाजवलंही. पण उघडणार कोण?

गिताबाईंनी तेलाची वाटी बाजूला सरकवली होती. मग म्हणाल्या होत्या की तसा वाईट नाही गं तो. हात उचलत नाही, पीत नाही, घरी वेळेवर येतो. लेकरू मोठं झालं की सुधारतात पुरुष. आणि हे आण्णांच्या कानावर घालू नकोस, त्यांच्या छातीत आत्ताच जाळी बसवलीय.

सुषमाने ऐकलं होतं. तसंही असलं काही ती आण्णांना तोंडाने सांगू शकली नसती. त्यांच्यात लेक बापाशी पिकापाण्याचं बोले, शाळेचं बोले, नवऱ्याचं नाही. सासरहून आलेल्या मुलीला बाप एवढंच विचारे, बरं हाय न्हवं, आणि मुलगी म्हणे, बरं हाय.

रेशमाच्या जुन्या पेठेची इमारत बाहेरून किल्ल्यासारखी होती. वरती दगडी कंगोरे, भिंतीतून बाहेर डोकावणारी तोंडं वासलेली दगडी जनावरं. रविवारी तिकीट लागत नाही, असं मल्हार म्हणाला. आतला दिवाणखाना पाहून गिताबाई उंबऱ्यावरच थांबल्या. एवढ्या उंच छताला इतके सडपातळ खांब, आणि प्रत्येकाला खालून वरपर्यंत पीळ. चातीवर लोकरीच्या सुताला पीळ पडावा तसा. वर गेल्यावर पीळ सुटून धागे छतभर पसरलेले. पायाखाली काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या फरश्या, इतक्या गुळगुळीत की बाळाला घेऊन पाय टाकायची भीती वाटावी.

कडेला टेबलं मांडून काही म्हातारी माणसं जुनी टपालाची तिकिटं आणि नाणी विकत बसली होती. दर रविवारी बसतात, मल्हार म्हणाला. आण्णांचा चेहरा खुलला. ते एका टेबलापाशी जाऊन उभे राहिले. गिऱ्हाइकाने नाणं उलटंसुलटं करून खाली ठेवलं, विकणाऱ्याने खांदे उडवले, गिऱ्हाईक दोन पावलं गेलं, विकणाऱ्याने हाक मारली.

“घेणार त्यो,” आण्णा हळूच म्हणाले. आणि त्याने घेतलं.

मल्हारच्या हातात माहितीचा कागद होता. तो वाचून सांगत होता. भिंतींवर छताखाली सोनेरी अक्षरांची जी पट्टी चारी बाजूंनी फिरली आहे, तिथे लिहिलंय की बोलण्यात कपट न करणारा, शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळणारा व्यापारीच भरभराटीला येईल. आण्णांनी मान मागे टाकून ती अक्षरं पाहिली, जणू वाचता येत होती.

“बरुबर लिवलंय. माझा आज्जाबी हेच सांगायचा.”

“आणि जो लबाडी करायचा, दिवाळं काढायचा,” मल्हार बाजूच्या मनोऱ्याकडे बोट दाखवत म्हणाला, “त्याला तिथं वर कोंडायचे. जिना बघा कसा आहे. मधे आधारच नाही, नुसत्या पायऱ्या गोल फिरत गेल्यात.”

सुषमा त्या जिन्याच्या दाराशी जाऊन वर बघत राहिली. पायऱ्यांच्या वळणापलीकडे काही दिसत नव्हतं.

“वर खिडकी हाय का?” तिने विचारलं.

“मला काय माहीत? बंद असतं ते,” मल्हार म्हणाला. “चल, मामा बघ तिकडे एकटेच गेले.”

आण्णा दिवाणखान्याच्या मध्यावर दोन खांबांच्या मधे उभे होते. त्यांना आज बोलावंसं वाटत होतं. इतके दिवस बंद घरात बसून त्यांचे पाय आणि तोंड दोन्ही आखडले होते. ते मल्हारला विचारू लागले की इथं भाव कसा करायचे, ओरडून का कानात. मल्हारच्या कागदावर ते नव्हतं. तेव्हा आण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

आपल्याकडे ओरडत नाहीत, ते सांगू लागले. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात. एक बोट दाबलं की एक भाव, दोन दाबली की दुसरा, पंजा धरला की तिसरा. शेजारी उभ्या माणसाला कळत नाही. तोंडाने पावसाचं बोलायचं, तब्येतीचं विचारायचं, आणि खाली बोटांनी सौदा. चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. ज्याच्या चेहऱ्यावर दिसलं तो गेला.

“हिला येतं की,” ते म्हणाले. “ल्हानपणी टेंपोत बसून यायची माझ्यासंगं. हिचा भाऊ शंभू बोकडाला भ्यायचा, ही न्हाई. ये गं सुषे, दाव ह्यास्नी.”

“राहू दे आण्णा. लोक बघतात.”

“बघू देत की,” मल्हार हसत म्हणाला. “दाखव.” त्याने गळ्यातला कॅमेरा हातात घेतला.

सुषमा पुढे आली. आण्णांनी तिच्या आणि आपल्या उजव्या हातावर उपरणं टाकलं. ते मल्हारकडे बघून बोलत होते, समजा ही पुण्याचं गिऱ्हाईक, मी देणार, आता मी भाव सांगितला, आता ती कमी करणार. उपरणं हललं. मल्हारने एक फोटो काढला. नाणीवाला म्हातारा कौतुकाने बघत होता.

“कर की कमी,” आण्णा म्हणाले. “का एवढ्याला घेतीस?”

मग ते बोलायचे थांबले.

गिताबाई दोघांच्या बाजूला उभ्या होत्या. उपरणं वापरून विरलेलं, त्याखालचा आकार दिसत होता. सुषमाने बोटं दाबली नव्हती. तिने अंगठा तळहातात घेऊन मूठ वळली होती आणि ती मूठ बापाच्या पंजात ठेवली होती.

बाजारात गिताबाईंनी घोंगड्या विकल्या होत्या. ती मूठ त्यांच्या ओळखीची होती. नेलेलं जनावर खोडीचं निघालं, तर घेणारा पुढच्या बाजारी येई आणि उपरण्याखाली अशी मूठ देई. परत घ्या. चारचौघांत बभ्रा नाही, दोघांची अब्रू राहते. काही दलाल ती मूठ झिडकारून हात काढून घेत. आण्णांच्या हातून गेलेलं मेंढरू परत आलं, तर ते कारण विचारत नसत.

गिताबाईंना एकदा वाटलं की ती खेळातच करतेय. आण्णांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी तिची बोटं उलगडायचा प्रयत्न केला. मूठ उलगडली नाही. सुषमा बापाकडे बघत नव्हती. ती समोरच्या खांबाकडे बघत होती, चेहऱ्यावर काही नव्हतं. तिला शिकवलं होतं तसं.

आण्णांचाही चेहरा हळूहळू कोरा झाला. तो चेहरा गिताबाईंनी कितीतरी बाजारी पाहिला होता. घरात कधी पाहिला नव्हता.

“झालं का?” मल्हारने विचारलं. “कितीला ठरलं?”

“ठरतंय,” आण्णा म्हणाले. हात तसाच खाली ठेवून ते जावयाकडे वळले. “पाव्हणं, एक बोलायचं राहूनच गेलं बगा. पोरीचं जावळ.”

“जावळ?”

“हिला दिवस गेल्याचं कळलं तवाच बिरोबाला बोललोय आमी. पैलं केस देवाम्होरं, मामाच्या मांडीवर. वरसाच्या आत.”

“करू ना. पुढच्या वर्षी सगळेच जाऊ.”

“तवर वरीस उलटतंय.”

“मग शंभूला बोलवू इकडे. घरीच करून टाकू.”

“आन् बिरोबाला कुठं बसवता? लिफ्टमदी?”

मल्हार हसला, पण पुरतं नाही. त्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मग विचारलं की असं होतं तर आल्यापासून कधी बोलला नाहीत ते. आण्णा म्हणाले की छातीचं झाल्यापासून विसरायला होतं. ते डोळा न हलवता बोलत होते. उभ्या जन्मात त्यांनी जनावराचं एक वर्ष कमी करून सांगितलं नव्हतं. लोक त्याच भरवशावर त्यांच्याकडे येत. आणि बिरोबाला कुणी काही बोललं नव्हतं.

मल्हारने गिताबाईंकडे पाहिलं. सासूवर त्याचा विश्वास होता. त्या कधी उलट बोलल्या नव्हत्या. सुषमा चिडून काही बोलली की त्या तिला गप्प करत, हे त्याने पाहिलं होतं.

“मामी, खरंय का हे?”

बाळ खांद्यावर झोपलं होतं, जड झालं होतं. गिताबाईंनी त्याच्या पाठीवरचा हात वर सरकवला, मग खाली. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं की आण्णा विसरभोळे ठरतील, सगळे हसतील, घरी जाऊन जेवतील आणि ठरल्या दिवशी ते दोघं विमानात बसतील. शंभूचं लग्न व्हायचं होतं. माघारी आलेली बहीण घरात असली की मुली देताना लोक दहा ठिकाणी विचारतात. निमोण्यात, पाटसला, दौंडला कोण काय बोलेल ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. पलीकडे एक तिकिटवाला आपली पेटी मिटत होता. तिच्या कड्या एकेक करून लागल्या. सुषमाने अजून आईकडे पाहिलं नव्हतं. तिने फक्त पापण्या खाली केल्या, मार पडणार हे ठाऊक असलेल्या लेकरासारख्या.

“मामी?”

“व्हय,” गिताबाई म्हणाल्या. “मीच बोलले व्हते.”

त्यांनी बाळाला खांद्यावर नीट घेतलं.

“आन् लेकरू आईच्या मांडीवरनं उचलून मामाच्या मांडीवर द्यावं लागतं. ही नको का तितं? देवाचं हाय, पाव्हणं. उद्या काय वंगाळ झालं, तर तुमची आईच मला इचारील.”

उपरण्याखाली आण्णांनी लेकीच्या मुठीवर आपला पंजा मिटला. मग उपरणं ओढून खांद्यावर टाकलं आणि मोठ्याने म्हणाले की ही फार चेंगट गिऱ्हाईक, हिच्यापुढं आपली डाळ शिजत नाही.

मल्हार मोबाइल घेऊन बाहेरच्या संत्र्याच्या झाडांच्या अंगणात गेला. पाटसला आईला विचारतो म्हणाला. तिघं दारातून त्याला पाहत उभी राहिली. तो झाडांमधून येरझाऱ्या घालत बोलत होता. हो गं, असं तो म्हणाला. मग बराच वेळ नुसतं ऐकत होता. एकदा हात झटकून म्हणाला की अगं पण आत्ताच कशाला. पुन्हा ऐकत राहिला. आण्णा एका खांबाला टेकले होते, तळहात छातीवर. गिताबाईंनी डोळ्यांनी विचारलं. त्यांनी मानेने काही नाही म्हटलं. सुषमाने पुढे येऊन बाळाचं टोपडं सारखं केलं.

मल्हार परत आला तेव्हा त्याने आधी घड्याळ पाहिलं.

“महिनाभर,” तो म्हणाला. “मग मी येऊन घेऊन जाईन.”

“या की,” आण्णा म्हणाले. “घर तुमचंच हाय.”

त्या आठवड्यात पासपोर्ट कंपनीच्या कपाटातून घरी आले. विमानात बसेपर्यंत तिघांतलं कुणी त्या मुठीविषयी एक शब्द बोललं नाही. दिल्लीला विमान बदलून पुण्याकडे निघाल्यावर आण्णांनी खिडकीकडे तोंड केलं. रडतायत हे गिताबाईंना त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

जावळ खरोखर केलं. देवाच्या नावानं बोललेलं खोटं तसंच ठेवायचं नाही, असं गिताबाईंनी ठरवलं. शंभूच्या मांडीवर अंकिता मोठ्याने रडली. पाटसहून मल्हारची आई चांगुणाबाई आली होती. जेवणं उरकल्यावर ती गिताबाईंच्या शेजारी येऊन बसली. हा नवस नेमका कधी बोलला होता, असं तिने विचारलं. गिताबाईंनी पानाचा डबा तिच्यापुढे सरकवला. चांगुणाबाई पदराने घाम टिपत म्हणाली,

“त्याचा बापबी कारखान्यावर जाताना मला कडी लावून जायचा. म्या त्याला सुनंला धाडून दे म्हनले फोनवर. पुढचं तुमी बघा.” आणि चहा न घेता उठली.

मल्हार महिन्याने आला, ओसरीवर बसला, भांडला आणि रडलाही. मग एकटाच परत गेला. कोर्टात बरीच वर्षं गेली. त्याने दुसरं लग्न केलं. तो अजून त्याच शहरात असतो असं कळतं. चांगुणाबाई दर वर्षी नातीला झबलं, पुढे फ्रॉक, पुढे पंजाबी ड्रेस पाठवत राहिली, ती वारेपर्यंत. शंभूचं लग्न लांबलं, पण झालं. त्याची बायको म्हाळसा नणंदेच्या गोष्टीवरून कधी बोलली नाही. इतर गोष्टींवरून बोलली, भरपूर.

आण्णा त्यानंतर बाजारात गेले, पण दलाली केली नाही. लोक म्हणत तब्येतीमुळे. २०११ च्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले.

सुषमा सुरुवातीला शाळेत गेली, मग कुरकुंभला औषधांच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागली. दौंडला तिने दोन खोल्या घेतल्या. अंकिता तिथेच वाढली. ती आता पुण्याला शिकते. गिताबाई थंडीत निमोण्याहून लेकीकडे येऊन राहतात. दुसऱ्या पाळीला जाणारी बस चुकू नये म्हणून सुषमा घाईने जेवते आणि गिताबाई भाकरी वाढत बसतात. दोघी सगळं बोलतात. मल्हारचं बोलतात, आण्णांचं बोलतात, चांगुणाबाईचंही. त्या दिवशी ‘व्हय’ म्हणायला इतका वेळ का लागला, ते मात्र सुषमाने आईला कधी विचारलं नाही. भाकरी वाढताना गिताबाईंना काही वेळा वाटतं की आज ती विचारेल. मग खाली बसचा हॉर्न वाजतो.